सोल्स प्रकारच्या खेळांतील काठिण्यपातळी, बॉस आणि शेवट

सोल्स प्रकारचे खेळ म्हणजे अद्भुतरम्य जगात घडणारे, प्रत्यक्ष लढाईवर आधारलेले आणि हेतुपुरस्सर कठीण ठेवलेले भूमिकाप्रधान व्हिडिओ गेम होत. टोकियो येथील फ्रॉमसॉफ्टवेअर या कंपनीच्या 'डीमन्स सोल्स' (२००९) या खेळापासून या प्रकाराची सुरुवात मानली जाते. त्यानंतर याच कंपनीने 'डार्क सोल्स' (२०११), 'डार्क सोल्स २' (२०१४), 'ब्लडबोर्न' (२०१५), 'डार्क सोल्स ३' (२०१६), 'सेकिरो: शॅडोज डाय ट्वाइस' (२०१९) आणि 'एल्डन रिंग' (२०२२) हे खेळ प्रसिद्ध केले. पुढे इतर कंपन्यांनीही हा नमुना स्वीकारला. या खेळांची तुलना मुख्यतः तीन अंगांनी केली जाते: खेळाडूला किती आणि कशा प्रकारचे काठिण्य सोसावे लागते, 'बॉस' म्हणून ओळखले जाणारे प्रमुख शत्रू कसे आहेत आणि कथेचा शेवट खेळाडूच्या निवडीवर कितपत अवलंबून आहे.

पार्श्वभूमी

फ्रॉमसॉफ्टवेअर ही कंपनी १९८६ साली स्थापन झाली. प्लेस्टेशन या खेळयंत्रासाठी १९९४ साली आलेला 'किंग्ज फील्ड' हा तिचा पहिला व्हिडिओ गेम होय. अंधारे भुयारी जग, संथ हालचाल आणि मार्गदर्शनाचा अभाव ही त्याची वैशिष्ट्ये पुढील खेळांतही दिसतात. हिदेताका मियाझाकी हे २००४ साली या कंपनीत रुजू झाले. अडचणीत सापडलेल्या डीमन्स सोल्स या प्रकल्पाचे दिग्दर्शन त्यांनी स्वतःकडे घेतले आणि त्याला नवे रूप दिले. २०१४ साली ते कंपनीचे अध्यक्ष झाले. वर उल्लेखिलेल्या खेळांपैकी डार्क सोल्स २ वगळता सर्वांच्या दिग्दर्शनात त्यांचा प्रमुख वाटा आहे. डार्क सोल्स २ चे दिग्दर्शन तोमोहिरो शिबुया आणि युई तानिमुरा यांनी केले.

लहानपणी मियाझाकी इंग्रजीतील अद्भुतकथा वाचत. परंतु भाषा पूर्ण अवगत नसल्यामुळे त्यांना सर्व मजकूर कळत नसे. न कळलेल्या जागा ते स्वतःच्या कल्पनेने भरून काढीत. या अनुभवाचा त्यांनी मुलाखतींत उल्लेख केला आहे. त्यांच्या खेळांतील कथाही याच पद्धतीने सांगितल्या जातात. सलग निवेदन जवळजवळ नसते. एखाद्या तलवारीच्या किंवा अंगठीच्या वर्णनातील दोन ओळी, मोडक्या मंदिरातील मूर्ती, एखाद्या पात्राचे अर्धवट बोलणे यांवरून खेळाडूने कथा जुळवायची असते.

काठिण्याची रचना

बहुतेक व्हिडिओ गेममध्ये आरंभीच सोपी, मध्यम वा कठीण अशी काठिण्यपातळी निवडता येते. फ्रॉमसॉफ्टवेअरच्या वरील खेळांत असा पर्याय नाही. सर्वांना एकच प्रश्नपत्रिका दिली जाते. मात्र ती सोडवण्याचे मार्ग अनेक असतात.

या काठिण्याचे काही समान घटक आहेत. शत्रूला मारल्यावर 'सोल्स' म्हणजे आत्मे मिळतात. हेच खेळातील चलन आणि हेच अनुभवाचे भांडवल. त्यांच्या साहाय्याने खेळाडू आपली शक्ती वाढवतो किंवा वस्तू विकत घेतो. मृत्यू आल्यास जवळचे सर्व आत्मे त्या जागी पडून राहतात. पुन्हा तेथवर पोहोचल्यास ते परत मिळतात. वाटेत दुसऱ्यांदा मृत्यू आल्यास ते कायमचे जातात. त्यामुळे प्रत्येक पुढच्या पावलाला जोखमीचे मोल येते.

दुसरा घटक विसाव्याच्या जागेचा. डार्क सोल्समध्ये ही जागा म्हणजे राखेत रोवलेल्या तलवारीभोवती पेटणारी शेकोटी. तेथे बसल्यास जखमा भरतात आणि औषधाची कुपी पुन्हा भरते. पण मारलेले बहुतेक शत्रूही पुन्हा उभे राहतात. त्यामुळे विसावा घ्यावा की जखमी अवस्थेतच पुढे जावे, हा निर्णय सतत घ्यावा लागतो.

तिसरा घटक दमाचा. वार करणे, धावणे, कोलांटी मारून वार चुकवणे आणि ढालीवर वार झेलणे या साऱ्यांसाठी एकाच साठ्यातून दम खर्च होतो. लोभाने एक वार अधिक केला की बचावासाठी दम उरत नाही. कोलांटी मारताना अगदी अल्प काळ खेळाडूला इजा होत नाही. हा क्षण अचूक साधणे हे या खेळांतील मूलभूत कौशल्य होय. एकदा सुरू केलेली हालचाल मध्येच थांबवता येत नाही, म्हणून विचार न करता दाबलेले बटण महागात पडते.

या नियमांचा एकत्रित परिणाम असा की मृत्यू ही शिक्षा असली तरी ती शिकवणही ठरते. शत्रूचा वार कोठून येतो, किती उशिराने येतो, त्यानंतर किती उसंत मिळते, हे मृत्यूतूनच कळते. खेळातील पात्राची शक्ती वाढते त्याहून अधिक खेळाडूचे स्वतःचे ज्ञान वाढते. मात्र मृत्यूचे कारण जेव्हा समजूनच येत नाही, तेव्हा ही शिकवण खुंटते आणि केवळ शिक्षा उरते. या प्रकारातील यशस्वी आणि फसलेल्या लढायांतील भेद पुष्कळदा याच कसोटीवर स्पष्ट होतो.

खेळानुसार फरक

डीमन्स सोल्समध्ये मृत्यूनंतर खेळाडू देहहीन आत्म्याच्या रूपात राहतो आणि त्याची जीवनशक्ती निम्म्यावर येते. या खेळात शेकोट्या नसल्यामुळे लांबलचक टप्पा एका दमात पार करावा लागतो. बॉसपेक्षा वाटच अधिक छळते. तथापि औषधी वनस्पती मोठ्या संख्येने साठवता येत असल्याने संयमी खेळाडूला सोय होती. डार्क सोल्सने हा साठा कुपीपुरता मर्यादित केला. सामान्य शेकोटीपाशी ही कुपी पाच वेळा वापरता येईल इतकीच भरते. डार्क सोल्स २ मध्ये प्रत्येक मृत्यूबरोबर कमाल जीवनशक्ती थोडी थोडी घटत निम्म्यापर्यंत येते. दुसरीकडे एकच शत्रू अनेकदा मारल्यास तो पुढे उगवतच नाही. शिक्षा आणि सवलत यांचा असा मेळ इतर भागांत आढळत नाही.

ब्लडबोर्नने ढाल जवळजवळ काढून टाकली. जखम झाल्यावर त्वरित उलट वार केल्यास गमावलेली जीवनशक्ती काही अंशी परत मिळते. त्यामुळे माघार घेण्यापेक्षा चढाई करणे श्रेयस्कर ठरते. डार्क सोल्स ३ मध्ये हीच गती मूळ मालिकेत आली.

सेकिरोची जात निराळी आहे. जपानमधील सेंगोकू कालखंडावर आधारित या खेळात नायकाला एकच प्रमुख तलवार मिळते. शत्रूचा वार नेमक्या क्षणी तलवारीवर झेलत राहिल्यास त्याचा तोल ढळतो आणि निर्णायक वार करता येतो. येथे इतर खेळाडूंची मदत घेता येत नाही. बॉसच्या स्मृती व जपमाळेचे मणी यांतून नायकाची शक्ती वाढते, पण केवळ लहान शत्रू मारत बसून ती वाढवता येत नाही. म्हणूनच अनेक जाणकार त्याला या परंपरेतील सर्वांत कठीण खेळ मानतात. एकदा लय सापडली की तोच खेळ सर्वांत न्याय्य वाटतो, असेही त्याचे चाहते सांगतात.

एल्डन रिंग हे त्याचे दुसरे टोक. विस्तीर्ण खुले जग असल्यामुळे एखादा बॉस आटोक्याबाहेर वाटल्यास खेळाडू दुसऱ्या दिशेने जाऊन शक्तिमान होऊन परतू शकतो. मृतांच्या रक्षेतून साहाय्यक योद्धे बोलावण्याची सोय आहे आणि अनेक बॉसच्या दाराशीच पुन्हा उभे राहता येते. त्यामुळे कोणतीही मदत न घेणाऱ्यास हा खेळ अतिशय कठीण आणि सर्व साधने वापरणाऱ्यास बराच सुसाध्य ठरतो. काठिण्यपातळीची निवड येथेही आहे; ती पसंतीच्या यादीत नसून खेळाच्या जगातच विखुरलेली आहे.

बॉसची रचना

या खेळांतील बॉस स्थूलमानाने चार कामे करतात.

पहिले काम शिकवणीचे. डार्क सोल्सच्या आरंभी तुरुंगातील राक्षस खेळाडूसमोर येतो तेव्हा हातात मोडकी तलवार असते. पळून जाणे हाच धडा असतो. शस्त्र मिळवून परतल्यावर तोच राक्षस हरवता येतो. एल्डन रिंगमधील मार्गिट हा वाड्याच्या वाटेवर उभा राहून हेच काम करतो. तो हात उचलून वार मुद्दाम लांबवतो आणि घाईने कोलांटी मारणाऱ्यास पकडतो. सेकिरोमधील गेनिचिरो आशिना याला हरवेपर्यंत वार परतवण्याची कला अंगी बाणावीच लागते.

दुसरे काम परीक्षेचे. डार्क सोल्समधील ओर्नस्टाइन आणि स्मो ही चपळ भालाईत व अवजड हातोडेवाला यांची जोडी प्रसिद्ध आहे. एकाला मारताच दुसरा त्याची शक्ती शोषून पूर्ण बळाने उभा राहतो. आधी कोणाला मारावे हा निर्णय खेळाडूचा असतो. सेकिरोतील अखेरच्या लढाईत प्रथम गेनिचिरो आणि मग इश्शिन यांच्याशी लढावे लागते. इश्शिन तलवार, भाला आणि वीज यांचा क्रमाने वापर करतो. त्यामुळे आधी शिकलेली जवळजवळ प्रत्येक युक्ती तपासली जाते. एल्डन रिंगमधील मलेनिया ही ऐच्छिक बॉस असून तिचा प्रत्येक लागलेला वार तिचीच जीवनशक्ती भरून काढतो. हा नियम ढालीमागे दडणाऱ्यालाही सोडत नाही. २०२२ साली डोक्यावर मडके घालून, जवळजवळ विवस्त्र अवस्थेत इतरांच्या मदतीला धावून जाणारा आणि एकट्याने मलेनियाला हरवणारा एक खेळाडू जगभर प्रसिद्ध झाला. एकट्याने सोसण्याच्या खेळातही परोपकाराला जागा आहे, हे त्यातून दिसले.

तिसरे काम करुणेचे. डार्क सोल्समधील सिफ हा प्रचंड लांडगा आपल्या दिवंगत धन्याच्या समाधीचे रक्षण करीत असतो. जखमी झाल्यावर तो लंगडत, धडपडत तलवार चालवतो आणि खेळाडूला आपल्या विजयाचीच लाज वाटू लागते. पूरक भागात त्याला आधी वाचवलेले असल्यास तो खेळाडूला ओळखतो. तरीही लढाई टळत नाही. डीमन्स सोल्समधील मेडन अ‍ॅस्ट्रेआ ही रोगराईच्या दलदलीत पीडितांबरोबर राहणारी साध्वी प्रथम खेळाडूला परत जाण्याची विनंती करते. तिचा रक्षक मारला गेल्यास ती स्वतःच प्राणत्याग करते. येथे कौशल्याची कसोटी फारशी नाही, सद्सद्विवेकाची आहे.

चौथे काम अपेक्षाभंगाचे. डीमन्स सोल्सच्या अखेरीस भेटणारा खरा राजा अलांट हा जमिनीवर लोळणारा दुबळा जीव असतो. डार्क सोल्समधील अंतिम बॉस ग्विन हा एकेकाळचा देवराज. पण प्रत्यक्षात भेटतो तो राखेने भरलेल्या दालनातील एकाकी, होरपळलेला वृद्ध. पार्श्वभूमीला रणवाद्ये नसून संथ पियानो वाजतो. डार्क सोल्स ३ मधील शेवटचा बॉस मध्येच ग्विनची लढण्याची शैली स्वीकारतो आणि संगीतात तेच सूर उमटतात. पाच वर्षांपूर्वीचा खेळ खेळलेल्यांना तो संदर्भ लगेच उमगतो.

सर्वच बॉस यशस्वी ठरले असे नाही. डार्क सोल्समधील बेड ऑफ केऑस या बॉसवर मोठी टीका झाली. त्या लढाईत कौशल्यापेक्षा अचानक कोसळणाऱ्या जमिनीवरून नेमकी उडी मारणे महत्त्वाचे ठरते. एल्डन रिंगमध्ये शंभराहून अधिक बॉस असल्याने अनेकांची पुनरावृत्ती होते, हाही आक्षेप घेतला जातो.

शेवटांची तुलना

या खेळांतील शेवट सामान्यतः विजयोत्सवाचे नसतात. मोडकळीस आलेली जगाची व्यवस्था टिकवावी, संपवावी की तिच्या जागी दुसरे काही आणावे, असा प्रश्न खेळाडूपुढे ठेवला जातो.

• डीमन्स सोल्स (दोन शेवट): अनादी राक्षसी शक्तीला पुन्हा निद्रिस्त करणे किंवा तिचा दास होणे.
• डार्क सोल्स (दोन शेवट): स्वतःला जाळून विझत चाललेला अग्नी तेवत ठेवणे किंवा पाठ फिरवून अंधाराचे युग आणणे.
• डार्क सोल्स २ (दोन शेवट): सिंहासन स्वीकारणे किंवा, २०१५ च्या सुधारित आवृत्तीनुसार, ते नाकारून निघून जाणे.
• ब्लडबोर्न (तीन शेवट): गेरमनच्या हातून मृत्यू पत्करून दुःस्वप्नातून जागे होणे, त्याला हरवून त्याच्याच जागी अडकणे किंवा मानवी रूपापलीकडे जाणे.
• डार्क सोल्स ३ (चार शेवट): अग्नी जोडणे, तो विझू देणे, विझताना तो स्वतःसाठी हिसकावणे किंवा त्याची शक्ती बळकावून मृतवत जनांचा अधिपती होणे.
• सेकिरो (चार शेवट): एक अधःपतनाचा व तीन अमरत्वाचे चक्र वेगवेगळ्या किमतीला थांबवण्याचे.
• एल्डन रिंग (सहा शेवट): राज्यपद स्वीकारण्याचे चार प्रकार, राजकन्या रानीबरोबर ताऱ्यांच्या युगाकडे प्रस्थान आणि उन्मत्त ज्वाळेत सारे भस्म करणे.

डार्क सोल्समधील निवड वरवर पाहता अगदी साधी आहे: शेकोटीला हात लावावा किंवा दाराबाहेर चालू लागावे. परंतु अग्नी टिकवणे म्हणजे देवांची जुनी सत्ता टिकवणे, हे कळल्यावर चांगला शेवट कोणता हे सांगणे अवघड होते. खेळ स्वतः निवाडा देत नाही. ब्लडबोर्नमध्ये आज्ञाधारकपणे मरण पत्करणाऱ्यास अंतिम लढाई लाभतच नाही. तिसऱ्या शेवटासाठी दुर्मीळ वस्तू शोधून त्या वापराव्या लागतात. त्यामुळे जिज्ञासा हीच तेथे गुरुकिल्ली ठरते.

सेकिरोमध्ये निवडीची नैतिक धार सर्वांत तीव्र आहे. पालक-पित्याची आज्ञा मानून नायकाने बालस्वामी कुरोचा त्याग केला, तर खेळ पुढील काही भाग न दाखवताच संपतो आणि नायक संहारपिसाट होतो. इतर शेवटांत कोणाला तरी मोल द्यावेच लागते. एकात कुरोचा प्राण जातो, दुसऱ्यात नायकाचा. तिसऱ्यात दोघांच्या कथेला प्रवासाचे वळण मिळते. एल्डन रिंगमध्ये संख्या मोठी असली तरी राज्यपदाच्या चार शेवटांची दृश्ये बरीचशी सारखी आहेत. वेगळेपण अर्थात अधिक आणि सादरीकरणात कमी आहे. उन्मत्त ज्वाळेचा स्वीकार मात्र बाकीचे मार्ग बंद करतो आणि एका अवघड उपकथानकातून मिळणाऱ्या सुईनेच ते पुन्हा उघडतात.

शेवटानंतर खेळ पुन्हा आरंभापासून, अधिक बलवान शत्रूंसह सुरू करता येतो आणि मिळवलेली शक्ती बहुतांशी कायम राहते. चक्र मोडावे की चालू ठेवावे, या कथेतील प्रश्नाला खेळाच्या रचनेने दिलेले हे उत्तर सूचक आहे.

इतर कंपन्यांचे खेळ

टीम निन्जा या जपानी संघाचा 'निओह' (२०१७) हा खेळ सलग जगाऐवजी स्वतंत्र मोहिमांत विभागलेला आहे. विल्यम अ‍ॅडम्स या ऐतिहासिक इंग्रज खलाशावर त्याचा नायक बेतला आहे. दक्षिण कोरियातील 'लाइज ऑफ पी' (२०२३) हा खेळ कार्लो कोलोदी यांच्या पिनोकिओच्या कथेवर आधारलेला असून खेळाडूने किती असत्य बोलले याचा त्याच्या तीन शेवटांशी संबंध आहे. या खेळात २०२५ साली सोप्या काठिण्यपातळीचा पर्याय देण्यात आला. फ्रॉमसॉफ्टवेअरने न स्वीकारलेला मार्ग तिच्या अनुयायांनी स्वीकारल्याचे हे ठळक उदाहरण होय.

काठिण्य आणि सुलभता यांविषयीचा वाद

२०१९ साली सेकिरो प्रसिद्ध झाल्यावर सोपी पातळी असावी की नसावी, यावर मोठी चर्चा झाली. सर्वांना एकच आव्हान मिळाले तर सर्वांचा अनुभव आणि त्याविषयीचे बोलणे एका पातळीवर राहते, अशी मियाझाकी यांची भूमिका होती. २०२२ साली मात्र ज्यांना हे खेळ पेलवत नाहीत त्यांच्याविषयी त्यांनी दिलगिरीही व्यक्त केली. हाताची बोटे वेगाने हलवू न शकणाऱ्या, कमी दिसणाऱ्या किंवा ऐकू न येणाऱ्या खेळाडूंच्या बाजूने असा मुद्दा मांडला जातो की काठिण्य आणि अडथळा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बॉसचा वार चुकवणे कठीण असणे हे काठिण्य. पडद्यावरील बारीक अक्षरे वाचता न येणे हा अडथळा. पहिल्यास हात न लावता दुसरा दूर करता येतो. उदाहरणार्थ, सेकिरोमध्ये खेळ मध्येच थांबवता येतो. डीमन्स सोल्स व डार्क सोल्समध्ये तशी सोय नव्हती.

भाषा हाही असाच एक अडथळा आहे. एल्डन रिंगमध्ये जपानी, कोरियन, थाई, पोलिश आदी भाषांतील मजकूर उपलब्ध आहे. परंतु मराठी वा हिंदीत नाही. कथा वस्तूंच्या वर्णनांतच दडलेली असल्यामुळे जुन्या वळणाची इंग्रजी न समजणाऱ्या मराठी खेळाडूला बॉस हरवता येतो, पण तो कोण होता हे कळत नाही.

काठिण्य हे कायमचे ठरलेले नसते, हेही दिसून आले आहे. एल्डन रिंगच्या 'शॅडो ऑफ द अर्डट्री' या जून २०२४ मधील पूरक भागाविषयी अतिकाठिण्याची तक्रार झाल्यावर काही दिवसांतच सुधारणा करून खेळाडूची शक्ती आरंभीच्या टप्प्यांत अधिक वाढेल अशी तजवीज करण्यात आली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्या भागातील अंतिम बॉसही काहीसा सौम्य करण्यात आला.

प्रतिसाद आणि प्रभाव

कठीण खेळ मोजक्यांनाच रुचतात हा समज या खेळांनी खोटा ठरवला. डार्क सोल्स मालिकेच्या मे २०२० पर्यंत २ कोटी ७० लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. एल्डन रिंगच्या पहिल्या तीन आठवड्यांतच १ कोटी २० लाख प्रती खपल्या आणि जून २०२४ पर्यंत ही संख्या अडीच कोटींवर गेली. 'द गेम अवॉर्ड्स' या समारंभात वर्षातील सर्वोत्कृष्ट खेळाचा पुरस्कार २०१९ साली सेकिरोला आणि २०२२ साली एल्डन रिंगला मिळाला. २०२१ साली गोल्डन जॉयस्टिक पुरस्कारांत वाचकांच्या मतदानातून डार्क सोल्सची सार्वकालिक सर्वोत्कृष्ट खेळ म्हणून निवड झाली. 'सोल्ससारखा' हे विशेषण आता एका कंपनीच्या खेळांपुरते न राहता संपूर्ण प्रकाराचे नाव झाले आहे.